तीन एडिटर, एक नॅस: स्वस्तात शेअर्ड स्टोरेज लावताना या चुका टाळा

आमचं नाशिकला लग्नाच्या फिल्म्सचं काम, तीन एडिटर. आधी सगळं एक्स्टर्नल डिस्कवर चालायचं, म्हणजे हळद एकाकडे, वरात दुसऱ्याकडे, आणि "अरे ती निळी डिस्क कुणी नेली" हे रोजचंच. शेवटी चार डिस्कचा नॅस घेतला, म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा, ज्यावरून सगळे पीसी एकाच फुटेजवर काम करतात. ८ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ मध्ये, म्हणजे चारही मिळून एकच जागा, आणि एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत. पहिल्या दिवशी फुटेज टाकायला लावलं तर कॉपी होतंय ११ एमबी पर सेकंदनी. डबा परत करायला निघालो होतो राव, आणि डब्याची काही चूकच नव्हती.

स्पीड ११-१२ एमबीवर अडकलाय? आधी वायर बघा

हा आकडा दिसला की समजायचं, लिंक कुठेतरी १०० एमबीपीएसवर (हे मेगाबिट, आठने भागलं की एमबी) बसलीये. गिगाबिट (१००० एमबीपीएस) नीट असेल तर ११० च्या आसपास मिळायला पाहिजे. बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक. एकतर इंटरनेटवाल्याने बसवलेला स्वस्तातला राउटर, ज्याचे लॅन पोर्टच १०० चे असतात, आणि आपण नॅस आणि सगळे पीसी त्यालाच लावून मोकळे होतो. नाहीतर क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवणं. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही लागतात, त्यामुळे एखादी तार नीट बसली नसली तरी नेट चालतं, लाइट लुकलुकतो, कुणाला संशय पण येत नाही, फक्त स्पीड खाली येऊन बसतो. आमच्याकडे दोन्ही होतं. आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडायची पेटी) आणला, सगळं त्याला लावलं, राउटरची फक्त एक वायर स्विचला दिली, केबल रेडीमेड कॅट ६ घेतल्या. अर्ध्या तासात ११२ एमबी.

वायरचा दोष की डिस्कचा हे कळत नसेल तर नॅस आणि पीसी दोन्हीवर आयपर्फ३ हा प्रोग्रॅम चालवा. तो डिस्कला हातच लावत नाही, फक्त नेटवर्क मोजतो. ९४० एमबीपीएसच्या आसपास आला की वायर आणि स्विच पास, मग ब्लॅकमॅजिकचं डिस्क स्पीड टेस्ट नॅसच्या फोल्डरवर चालवा. वायफायवर यातलं काहीच करू नका, एडिटिंग पण नको.

टेन गिग घ्यायच्या आधी कागद-पेन घ्या

गिगाबिटच्या दहापट वेगाचं टेन गिग नेटवर्क घ्यायच्या नादात इथे सगळ्यात जास्त पैसे उडतात. कॅमेरा आकडा देतो एमबीपीएसमध्ये म्हणजे मेगाबिटमध्ये, कॉपीची खिडकी दाखवते मेगाबाइटमध्ये, मध्ये आठचा भागाकार, आणि तो कुणी करत नाही. १०० एमबीपीएसचं ४के फुटेज म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. असे चार कॅमेरे एकदम मल्टीकॅमला (सगळे अँगल एकत्र चालवून कापायला) लावले तरी पन्नास. गिगाबिटवर आरामात निघतं. पण तेच प्रोरेस ४२२ एचक्यू, म्हणजे एडिटिंगसाठीचा ॲपलचा जड फॉरमॅट, असेल तर ४के २५ फ्रेमला ७३७ एमबीपीएस, म्हणजे ९२ एमबी, एक स्ट्रीम सुरू केली की वायर जवळपास भरली.

आणि एक गोष्ट माझ्या फार उशिरा डोक्यात आली: ती ११० एमबी प्रत्येक एडिटरला नाही, डब्याला एकच वायर आहे त्यामुळे तिघांत मिळून ११० आहेत. एकाने एक्स्पोर्ट नॅसवर टाकायला घेतला की बाकीचे दोघे मान वर करून बघायला लागतात. यावर कुणीतरी सांगतं की लिंक ॲग्रिगेशन कर, दोन पोर्ट जोड, डबल स्पीड. तसं होत नाही. एका पीसीची एक कॉपी एकाच वायरवरून जाते, दोन वायरींचा फायदा झाला तर तो वेगवेगळ्या पीसींना मिळून होतो, तोही वाटणी नीट झाली तर. त्यापेक्षा २.५ गिग बघा, जुन्या कॅट ५ई वर पण चालतं आणि २८० एमबीच्या आसपास मिळतं. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे प्रॉक्सी, फुटेजची हलकी कॉपी, जी फक्त एडिट करताना वापरायची. १०८० चं प्रोरेस प्रॉक्सी २५ फ्रेमला ३८ एमबीपीएस, म्हणजे पाच एमबी पण नाही. आम्ही रात्री प्रॉक्सी बनवायला लावून घरी जातो.

एवढं करूनही प्लेबॅक अडकत असेल तर तीच क्लिप लोकल एसएसडीवर टाकून चालवून बघा. तिथेही अडकली तर दोष स्टोरेजचा नाहीच, ते एच.२६५ टेन बिट (फार दाबून लहान केलेला व्हिडिओ फॉरमॅट) उलगडताना पीसीची दमछाक होतीये. अशा वेळी लोक नॅसमध्ये एनव्हीएमई कॅश (वेगवान एसएसडीवरची तात्पुरती साठवण) बसवतात. तो कॅश छोट्या छोट्या, परत परत लागणाऱ्या फाइल्ससाठी असतो, एका टोकाकडून दुसरीकडे सरळ वाचत जाणाऱ्या मोठ्या व्हिडिओला त्याचा उपयोग नावापुरताच.

नॅसवर काय ठेवायचं नाही

मीडिया कॅश, पीक फाइल्स, रेंडर कॅश, म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअर स्वतःसाठी बनवतं त्या तात्पुरत्या फाइल्स, हे सगळं प्रत्येकाच्या लोकल एसएसडीवर. हजारो बारीक फाइल्स नॅसवर गेल्या की फिरणाऱ्या डिस्कचं डोकं नुसतं इकडून तिकडे पळत बसतं.

प्रोजेक्ट फाइल मात्र नॅसवरच, पण दोघांनी एकच प्रोजेक्ट उघडू नका, शेवटी सेव्ह करणारा जिंकतो आणि दुसऱ्याचा दिवस वाया. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये २०२० पासून प्रॉडक्शन्स ही सोय आहे, त्यात एकाने उघडलं की दुसऱ्याला कुलूप दिसतं. रिझॉल्व्ह हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी प्रोजेक्ट सर्व्हर म्हणून वेगळं फुकट ॲप आहे.

"मीडिया ऑफलाइन", आणि फाइल तर समोर दिसतीये!

मॅकवर शेअर (नॅसचा जोडलेला फोल्डर) नीट सुटला नाही आणि परत जोडला तर कधीकधी "फुटेज" ऐवजी "फुटेज-१" नावाने माउंट होतो. तुम्हाला फोल्डर दिसतो, प्रीमियर जुना पत्ता शोधत बसतं. रीलिंक करायला, म्हणजे क्लिपचा पत्ता नव्याने दाखवायला, घेऊ नका, नाहीतर उद्या परत तेच. सगळे शेअर इजेक्ट करा, मॅक रीस्टार्ट करा, परत जोडा. विंडोजवर सगळ्या पीसींवर एकच ड्राइव्ह लेटर ठेवा, एकाकडे झेड आणि दुसऱ्याकडे वाय असं केलं की रोज रीलिंक.

आणि फोल्डरची नावं मराठीत ठेवायचा मोह आवरा. आम्ही "वऱ्हाड" नावाचा फोल्डर केला होता. त्यातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, अख्खा एक अक्षर म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता म्हणून, डोळ्याला दोन्ही सेम, कॉम्प्युटरला वेगळे. मॅक आणि विंडोज मिसळलं की यातून एकाच नावाचे दोन फोल्डर दिसणं, सर्चमध्ये न सापडणं असले भुताटकीचे प्रकार होऊ शकतात. लिपी इंग्रजी, आधी तारीख, मग आडनाव, बास.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे

रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, एवढंच. कुणी चुकून फोल्डर उडवला तर तो चारही डिस्कवरून तितक्याच इमानदारीने उडतो. त्यामुळे रिसायकल बिन चालू करा, स्नॅपशॉट (फाइल्सची त्या वेळची स्थिती जपून ठेवायची सोय) असतील तर तेही. आणि डिस्क बदलल्यावर रीबिल्डला, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत भरायला, वेळ लागतो, ८ टीबी १५० एमबीच्या स्पीडने भरायची म्हटलं तरी जवळजवळ १५ तास, त्यात तुम्ही एडिटिंग चालू ठेवलं तर अजून जास्त, आणि तेवढ्यात दुसरी डिस्क गेली तर सगळंच गेलं. म्हणून दर लग्नाचं रॉ फुटेज वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क ऑफिसात नाही, माझ्या घरी कपाटात.

डिस्क घेताना सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) आहे का बघा, एसएमआर नको. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, सलग लिहिताना आणि रीबिल्डच्या वेळी अशी डिस्क रडते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या "रेड" सीरिजमधल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या होत्या (हे रंगातलं रेड, वरचं वेगळं), तेव्हा डिस्कच्या लेबलवर जाऊ नका, मॉडेल नंबर शोधा.

यूपीएस लावाच, आणि त्याची यूएसबी केबल नॅसला जोडायला विसरू नका. ती नसेल तर बॅटरी संपत आलीये हे डब्याला कळणारच कसं? आमची केबल सहा महिने खोक्यातच पडून होती.

क्लायंटला घरबसल्या बघता यावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडून नॅस इंटरनेटवर सोडू नका. २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट, या दोन खंडणीखोर व्हायरसनी इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस गाठून फाइल्सना कुलूप लावलं आणि पैसे मागितले. बाहेरून लागतंच असेल तर टेलस्केलसारखं व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी बंद वाट) वापरा.

आणि विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आल्यावर नॅस अचानक उघडेनासा झाला असेल तर घाबरू नका, त्यात बिनपासवर्डचं गेस्ट लॉगिन बंद केलंय. रजिस्ट्रीत खटपट करण्यापेक्षा प्रत्येक एडिटरला स्वतःचं युजरनेम आणि पासवर्ड द्या, मग लॉगमध्ये फोल्डर कुणी उडवला तेही दिसतं.