तलावावर आलेल्यांना नेमकं काय विचारायचं

नागपुरात अंबाझरी तलावाच्या पाळीवर सकाळी फिरणाऱ्या कुणालाही थांबवून विचारा, 'काका, कसं वाटतं इथं?' उत्तर ठरलेलं: 'मस्त आहे ना मॅडम!' या उत्तरावरून काठावर एक बाकसुद्धा हलवता येत नाही. मी पर्यावरणशास्त्र शिकवते आणि पोट्टेपोट्टी घेऊन नागपूरच्या तलावांवर लोकांशी बोलायला जाते. तलावाकाठचं उद्यान लोकांच्या नजरेत कसं आहे हे कळायला हवं असेल, तर एकेका वस्तूबद्दल विचारावं लागतं.

एका पानावर दहा-बारा गोष्टी लिहा: पाण्याचा वास, काठावरचा कचरा, सावली, बाक, स्वच्छतागृह, पायवाट, अंधार पडल्यावरचे दिवे, पक्षी दिसणं, माहितीचे फलक, हॉर्नचा आवाज, पावसाळ्यात वाटणारी सुरक्षितता. प्रत्येक गोष्टीला १ ते ५ असे दोन आकडे घ्या. ती तुमच्यासाठी किती महत्त्वाची, आणि आज इथं ती कशी आहे. महत्त्वाचे सगळे आकडे आधी विचारून संपवा, मगच दुसऱ्या रांगेकडे वळा. जोडीनं विचारलं की माणूस दुसरा आकडा पहिल्याला जुळवून सांगतो.

पद्धत जुनी आहे, १९७७ साली मार्केटिंगच्या अभ्यासकांनी मांडलेली. उभ्या रेघेवर महत्त्व, आडव्या रेघेवर समाधान, म्हणजे 'आज कशी आहे' हा आकडा घ्यायचा, दोन्हींच्या सरासरीवर रेघा मारायच्या. चार चौकोन होतात. वरच्या डाव्या चौकोनात जे पडतं ते लोकांना हवं आहे आणि मिळत नाही.

विचारायचं बाहेर पडताना, फाटकापाशी, आणि दर पाचव्या माणसाला. मोकळं सोडलं तर पोट्टे हसऱ्या चेहऱ्यांकडेच जातात. फक्त मोबाइलवरचा फॉर्म ठेवू नका; कागद हवा, मराठीत आणि हिंदीत. दिव्यांबद्दल आणि सुरक्षिततेबद्दल बायांशी मुलींनीच बोलावं, घरची माणसं चार पावलं पुढं गेल्यावर. जिथं मासेमारी चालते तिथल्या ढिवर बांधवांनाही विचारा, फक्त त्यांचे कागद वेगळे ठेवा. त्यांच्यासाठी तलाव कामाची जागा आहे. माणूस कुठं राहतो हेही लिहा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, ते या पाण्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात. १०० कागद जमले आणि ६० जणांनी एक गोष्ट सांगितली, तर खरा आकडा ५० ते ७० मध्ये कुठंतरी आहे असंच धरा.

प्रत्येक कागदावर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा हवी. सांडपाणी मिसळणाऱ्या तलावात शेवाळ आणि इतर जीव रात्रभर ऑक्सिजन वापरत राहतात, त्यामुळे तो सूर्योदयाच्या सुमारास सगळ्यात कमी असतो, आणि तो कमी झाला की पाण्याला वास येतो. पहाटे नाक मुरडणारा माणूस आणि संध्याकाळी फुटाळा तलावावर मजेत बसलेला माणूस, दोघंही खरं सांगतात. मे महिन्यात पाणी हटून चिखल उघडा पडतो, जानेवारीत पाहुणे पक्षी असतात. एकाच ऋतूतले कागद पुरत नाहीत.

शेवटी एक प्रश्न जरूर विचारा, मला तो सर्वांत मोलाचा वाटतो: 'इथं एकच फोटो काढायचा तर कुठं काढाल, आणि कुठं अजिबात काढणार नाही?' माणूस बोट दाखवेल. मग तिथं जाऊन उभे राहा आणि काय आहे ते लिहून घ्या. पुष्कळदा आवडती जागा जलपर्णीची निघते: हिरवागार गालिचा, जांभळट फुलं, आणि खाली उजेड-हवेविना गुदमरणारं पाणी. नावडती जागा निघते पाणकणसाची, म्हणजे काठच्या पाण्यात वाढणाऱ्या उंच गवताची. 'तिथं झाडी माजली आहे, साफ करायला पाहिजे,' असं लोक म्हणतात. त्याच झाडीच्या मुळांत वाहून आलेला गाळ अडतो, तिथंच जांभळी पाणकोंबडी घरटं करते. लोकांना हे कुणी दाखवलेलं नसतं. म्हणून नोंदवहीत लोकांचा आकडा एका रकान्यात आणि तुमचं निरीक्षण शेजारच्या रकान्यात असू द्या, दोन्ही कधी मिसळू नका.

आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. पाणथळ जागा जपण्यासाठी केलेल्या २०१७ च्या नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मनोरंजनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत, आणि नागपूरचे बहुतेक तलाव बांधलेलेच. मग काठाचं काय होणार हे बरंचसं लोकांना काय आवडतं यावर ठरतं. 'बाक हवेत, दिवे हवेत, झाडी काढा' एवढंच कागदावर गेलं, तर पाणकणीस उपटून तिथं काँक्रीट येईल.

निकाल मोठ्या अहवालात पुरू नका. एका पानावर चार चौकोन, मागच्या पानावर आवडत्या-नावडत्या जागांचा नकाशा. ते घेऊन महापालिकेच्या झोन कार्यालयात जा. वरच्या डाव्या चौकोनातली पहिली गोष्ट मागा, आणि तिच्यासोबत पाणकणसाच्या पट्ट्यासमोर एक फलक मागा, पाणकोंबडीच्या चित्रासह, लहान पोरालाही वाचता येईल एवढ्या उंचीवर.