मेंढरं बसवून शाळू (रब्बी ज्वारी) कसा पेरायचा

आमचं रान जत तालुक्यात, माडग्याळच्या अंगाला. पाऊस कमी, म्हणून आम्हाला मेंढरांचा फार आधार. पेरणीआधी धनगरमामांना निरोप द्या, म्हणजे कळप रात्री रानात बसतो नि लेंडी-मुताचं खत मिळतं. मोबदला धान्यात की पैशात, ते आधीच ठरवा. वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, रोज रात्री नव्या जागी हलवा, नाहीतर लेंड्या एकाच कोपऱ्यात साचतात. कळप पुढं गेला की लगेच कुळव मारून लेंड्या मातीत मिसळा. लेंडी-मूत उन्हात पडून राहिलं तर नत्र उडून जातं, मग एवढी खटपट कशाला? सप्टेंबर मध्य ते ऑक्टोबर मध्य, ओल बघून मालदांडी वाणाचा शाळू पेरा. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर. दाणा घराला नि बाजाराला, कडबा जनावरांना. कोवळ्या ज्वारीत मात्र जनावर सोडू नका, विषबाधा होते. आमची एक गाभण शेळी त्यातच गेली.