उन्हाळ्यात कोल्हापूरहून गवे पाहायला जाताना

गवा पाहण्यासाठी कोल्हापूरकरांना फार दूर जावे लागत नाही. राधानगरी अभयारण्याचा दाजीपूर भाग शहरापासून साधारण ८० किलोमीटरवर आहे. संस्थानकाळात छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेले हे जंगल १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाले आणि पुढे त्याची हद्द राधानगरीपर्यंत वाढून क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर झाले. एवढ्या रानात गवा शोधत गाडी फिरवण्यात अर्थ नाही. तो ज्या वेळी जिथे येतो, तिथे त्याच्या आधी पोहोचून थांबणे एवढेच आपल्या हाती असते आणि सहलीची सारी आखणी त्याच हिशेबाने करावी.

एप्रिलपासून मेच्या मध्यापर्यंतचा काळ त्यासाठी उत्तम. ओढे आटलेले असतात, गवत वाळलेले असते आणि जनावरांना पाण्यासाठी ठरावीक पाणवठ्यांवर यावेच लागते. वळवाच्या एक-दोन दमदार सरी पडून गेल्या की डबक्याडबक्यांत पाणी साचते आणि पाणवठ्यांचा भरवसा उरत नाही. अशा वेळी सड्यांच्या, म्हणजे मोकळ्या कातळी पठारांच्या, कडेला नुकत्या फुटलेल्या कोवळ्या गवतावर नजर ठेवावी. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवरील मचाणांवर बसून वन्यप्राण्यांची नोंद केली जाते. त्यात सहभागी व्हायचे असल्यास वन विभागाकडे बरेच आधी चौकशी करावी. प्रवेशाच्या वेळा, शुल्क, साप्ताहिक सुट्टी आणि खासगी गाडी आत नेण्याचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी तेही विचारून घ्यावे.

कोल्हापुरातून रंकाळ्याजवळून राधानगरी रस्ता धरावा. हळदी, भोगावती साखर कारखाना आणि राधानगरी असे करत हाच रस्ता पुढे दाजीपूरला आणि तिथून फोंडा घाटाने कोकणात उतरतो. इंधन शहरातच भरावे. राधानगरीच्या पुढे रस्ता वळणांचा आहे, मोबाइलची रेंज मधूनमधून जाते आणि कोकणात जाणाऱ्या ट्रकांची वर्दळ असते. पहाटे चारच्या आत निघाल्यास उजाडताना दाजीपुरात पोहोचता येते, आणि ही वेळ चुकवू नये, कारण गवे सकाळी लवकर व संध्याकाळी चरतात आणि उन्हाच्या भर वेळेत दाट सावलीत रवंथ करत बसून राहतात. नऊला नाश्ता करून निघणाऱ्यांना धरण आणि करवंदेच दिसतात. राधानगरी धरणही पाहण्यासारखे आहे यात शंका नाही, शाहू महाराजांच्या दूरदृष्टीची ती मोठी खूण आहे. पण ते दुपारसाठी ठेवावे.

आत गेल्यावर स्थानिक वाटाड्या घ्यावा. कालच्या संध्याकाळी कळप कोणत्या पाणवठ्यावर होता हे त्याला ठाऊक असते आणि ती माहिती कोणत्याही नकाशावर मिळत नाही. सावराई सड्यासारखी मोकळी जागा आणि जंगल जिथे एकमेकांना भिडतात ती कड दुर्बिणीतून सावकाश न्याहाळावी. गव्याचे अंग काळसर असल्यामुळे सावलीत तो दिसतच नाही. आधी दिसतात ते गुडघ्यापासून खालचे पांढरे पाय, जणू कुणी पायमोजेच चढवले आहेत. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास भरू शकतो, त्याच्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत मांसल उंचवटा असतो. मादी आकाराने लहान आणि रंगाने तपकिरी असते. शिंगे दोघांनाही असतात. ओल्या मातीत उमटलेले मोठे दुभंगलेले खूर आणि ताजे शेण दिसले, तर तिथेच थांबण्यात शहाणपण आहे.

गव्याचे नाक फार तिखट असते. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर कितीही दबकून बसलात तरी उपयोग नाही, त्यामुळे जागा निवडताना आधी वारा पाहावा आणि अत्तर लावू नये. गाडीतले संगीत बंद ठेवावे, हॉर्न वाजवू नये आणि परवानगी असेल तिथेच खाली उतरावे. कळपापेक्षा एकांडा नर अधिक बेभरवशाचा असतो. फुरफुरून तो मान खाली घालू लागला किंवा अंगाची बाजू दाखवत उभा राहिला, तर फोटोचा मोह सोडून हळूहळू मागे सरावे. पिले असलेल्या कळपाच्या मध्ये कधीही येऊ नये. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेला गवा माणसांच्या गर्दीने आणि पाठलागाने थकला आणि पकडल्यानंतर मेला. एवढे धिप्पाड जनावर धावपळीने आणि भीतीने मरू शकते, हे त्याच्यामागे गाडी दामटणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

परतीला शक्यतो अंधार पडण्यापूर्वी घाटरस्ता सोडावा. ते न जमल्यास वेग ताशी तीसच्या आत ठेवावा, कारण डांबरावर उभा असलेला काळा गवा दिव्यांच्या उजेडातही अगदी जवळ येईपर्यंत ओळखू येत नाही. एक गवा रस्ता ओलांडून गेला म्हणून लगेच गाडी पुढे काढू नये. मागून बाकीचा कळप आणि पिले येण्याची शक्यता असते. मोठा दिवा कमी करून, इंजिन चालू ठेवून, झाडीतली हालचाल पूर्ण थांबेपर्यंत जागेवरच राहावे.