ईमॅक्समध्ये ऑर्ग अद्ययावत करण्यापूर्वी

अंधेरीच्या आमच्या कार्यालयात दर पावसाळ्यात नवे अभियंते रुजू होतात. त्यांच्यापैकी जे ईमॅक्स हा मजकूर-संपादक वापरू लागतात, त्यांना मी पहिल्याच आठवड्यात आवर्जून सांगते की, ऑर्ग हे टिपणे आणि कामांच्या याद्या ठेवण्याचे पॅकेज (ईमॅक्सला जोडायचा भाग) अद्ययावत करताना चालू ईमॅक्समध्ये ऑर्ग आधीपासून लोड झालेले असता कामा नये.

यामागचे कारण समजून घ्यावे. ऑर्ग ईमॅक्ससोबतच येते. २०२३ सालच्या ईमॅक्स २९.१ मध्ये ऑर्गची ९.६ ही मालिका होती. त्याहून नवी आवृत्ती ग्नू एल्पा या भांडारातून घेता येते. ती उतरताच तिच्या फाइली बाइट-कंपाइल होतात, म्हणजे ईमॅक्सला वेगाने चालवता येईल अशा रूपात बदलल्या जातात, आणि कंपाइल होताना मॅक्रोंचा (पूर्ण कोडमध्ये उलगडणाऱ्या छोट्या रूपांचा) विस्तार मेमरीत असलेल्या व्याख्यांनुसार केला जातो. सकाळपासून कामांच्या यादीची ऑर्ग फाइल उघडी असेल, तर मेमरीत जुने मॅक्रो असतात. त्यामुळे फाइल नव्या आवृत्तीची, पण तिच्यातला विस्तार जुन्या मॅक्रोंचा, असे मिश्रण डिस्कवर लिहिले जाते. ईमॅक्स बंद करून पुन्हा सुरू केले तरी हा दोष जात नाही. नवा माणूस नेमका इथे गोंधळतो, कारण अजेंडा, म्हणजे ऑर्गमधले कामांचे वेळापत्रक, उघडत नाही किंवा एखादे फंक्शन सापडत नाही, आणि तो बिचारा आपलीच सेटिंग्ज तपासत बसतो. ९.६ पासून ऑर्ग स्वतःच आवृत्ती जुळत नसल्याची त्रुटी दाखवते, ही मोठीच सोय झाली आहे.

पार्श्वभूमीत चालणाऱ्या डेमनसह ईमॅक्स पूर्ण बंद करावे. मग टर्मिनलमधून कॅपिटल क्यूचा पर्याय (-Q) देऊन ते सुरू करावे, म्हणजे वैयक्तिक सेटिंग्ज लोड होत नाहीत. पॅकेजांची यादी उघडून ऑर्गची उपलब्ध असलेली नवी आवृत्ती तिथून बसवावी आणि तोवर एकही ऑर्ग फाइल उघडू नये. हे काम विरार लोकलमध्ये मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच वेळी अनेक पॅकेजे अद्ययावत करताना जोडणी तुटली, तर काही नवी आणि काही जुनी राहतात.

मिश्रण आधीच झाले असेल, तर उतरवलेली पॅकेजे जिथे असतात त्या एल्पा फोल्डरमधली ऑर्गची डिरेक्टरी काढून टाकावी आणि वरील पद्धतीने ते पुन्हा बसवावे. स्ट्रेटसारखा वेगळा पॅकेज व्यवस्थापक वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये ऑर्गची नोंद इतर सर्व पॅकेजांच्या आधी करावी. अन्यथा ऑर्गवर अवलंबून असलेले एखादे पॅकेज ईमॅक्ससोबत आलेली जुनी आवृत्ती लोड करून मोकळे होते.

शेवटी नेहमीच्या पद्धतीने ईमॅक्स सुरू करून ऑर्ग-व्हर्जन ही आज्ञा द्यावी. तिच्या उत्तरात आवृत्तीसोबत डिरेक्टरीचा मार्गही येतो, आणि मिश्रण असेल तर तसा इशाराही तिथेच दिसतो.