ऑक्टोबरात तबला सुरात ठेवताना
पाऊस ओसरून मराठवाड्यात कोरडे ऊन पडू लागले की, पावसाळाभर दमटपणामुळे सैल राहिलेली तबल्याची पुडी (तोंडावरचे कातडे) आवळत जाते आणि स्वर नकळत वर चढतो. अशा वेळी लगेच गठ्ठ्यांना (बाजूच्या चामडी पट्ट्यांखालच्या लाकडी ठोकळ्यांना) हात न लावता, गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर) खालून वर हातोडीचे हलके ठोके देत आणि प्रत्येक घराशी (गजऱ्यातल्या दोन पट्ट्यांमधल्या भागाशी) चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, बोट वाजवून पाहत स्वर उतरवावा; समोरासमोरची घरे आळीपाळीने घेतल्यास पुडी एका बाजूला ओढली जात नाही. तबला पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हाच्या कवडशात ठेवू नये, जाड कापडी खोळीत ठेवावा. रियाजाला, माझ्या मते, पहाटच बरी: देवळातल्या काकड्याचे टाळ दुरून ऐकू येत असतात, हवेत थोडा गारवा असतो आणि लावलेला स्वर दुपारच्या मानाने बराच वेळ टिकतो.