मूल अचानक गप्प झालं तर

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. दंगेखोर पोरांकडे सगळ्यांचंच लक्ष जातं, मला जास्त काळजी अचानक गप्प झालेल्यांची वाटते. अक्षर दासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या पंगतीत अशा मुलाजवळ बसा. ताटात भात उरतोय का, नेहमीच्या सोबत्यांपासून ते लांब बसतंय का, बघा. दोनेक आठवडे असंच चाललं, तर बोलायलाच हवं.

सगळ्यांसमोर "काय झालं रे?" विचारू नका. वह्या गोळा करायला, फळा पुसायला थांबवून घ्या. हात कामात असले की मुलं बोलती होतात. मराठी, कन्नड, कोंकणी, ज्या भाषेत त्याला मन मोकळं करता येतं त्यात बोलू द्या. मध्ये उपदेश नको. "कुणाला सांगणार नाही" असं वचन तर मुळीच देऊ नका. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली, तर त्याला एकटं सोडू नका, मुख्याध्यापकांना आणि पालकांना त्याच दिवशी सांगा. मारहाण घरातूनच होत असेल, तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. पुढच्या उपचारांना धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे.

बाई-गुरुजींनो, १४४१६ आपल्यासाठीही आहे. असं काही ऐकल्यावर रात्री झोप लागत नाही, तेव्हा मुलाचं नाव न घेता सहकाऱ्याशी बोला. आणि एकट्याने शाळा सांभाळत असाल, तर शेजारच्या गावातल्या शिक्षकांशी आठवड्याचा एक फोन ठरवूनच टाका.