किडनीच्या रिलेशन्स पाठ होत नाहीत? आधी हात घालून बघा

मेडिकलच्या फर्स्ट इयरवाल्यांसाठी लिहितेय. ॲनाटॉमीत ॲबडोमेन (पोट) सुरू झालं की सगळे किडनीच्या रिलेशन्सची, म्हणजे तिला लागून काय काय असतं त्याची, यादी घोकत बसतात, मीपण तेच केलं, आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) मॅडमनी सुटी किडनी हातात देऊन "कुठली गं ही, उजवी की डावी?" विचारलं तेव्हा यादी तोंडपाठ असून उत्तर येईना. म्हणून आधी बाजू ओळखायला शिका. हायलम (रक्तवाहिन्या आत-बाहेर जातात ती खाच) आतल्या बाजूला, मणक्याकडे, तिथे पुढून मागे व्हेन, आर्टरी, पेल्व्हिस (लघवी गोळा होते तो भाग) हा क्रम आणि युरेटर (लघवीची नळी) खाली उतरतो, बस एवढ्यावर बाजू ठरते.

नंतर मी रोज डिसेक्शन संपलं की दहा मिनिटं टेबलापाशी थांबायला लागले. ज्यांनी देहदान केलंय त्यांच्यामुळे हे हाताने कळतं, पुस्तकात नाही कळत, हे मी मनापासून सांगते.

उजवीकडे लिव्हर उचला, खाली किडनी, हायलमपाशी ड्युओडेनमचा (लहान आतड्याच्या सुरुवातीचा) दुसरा भाग आणि खाली कोलनचं (मोठ्या आतड्याचं) वळण. लिव्हरमुळेच ही किडनी जरा खाली असते. डावीकडे गर्दी जास्त, स्टमक, स्प्लीन, मधून आडवा पॅन्क्रियाज आणि त्याच्यासोबत स्प्लेनिक व्हेसल्स (स्प्लीनच्या रक्तवाहिन्या), खाली जेजुनम (लहान आतड्याचा पुढचा भाग) आणि कोलन. सुप्रारीनल ग्रंथी दोन्हीकडे वर.

आता खरी गोष्ट. प्रत्येक अवयव आणि किडनी यांच्यामधे बोट सरकवून बघा. लिव्हर, स्टमक, स्प्लीन, जेजुनम इथे सरकतं कारण मधे पेरिटोनियम (पोटाच्या आतलं पातळ आवरण) आहे. ड्युओडेनम, पॅन्क्रियाज, कोलन, सुप्रारीनल इथे नाही सरकत, ते थेट चिकटलेले. लिव्हर आणि उजव्या किडनीमधली ती फट म्हणजे मॉरिसन्स पाऊच, पेशंट उताणा झोपला की पोटातलं रक्त तिथे साचतं आणि ॲक्सिडेंटच्या केसमधे सोनोग्राफी करताना मुद्दाम तिथे बघतात. हे कळल्यावर मला यादी परत घोकावी लागली नाही.

मागची बाजू सोपी आहे, दोन्हीकडे सारखीच, वर डायफ्रॅम, खाली आतून बाहेर सोआस, क्वाड्रेटस लंबोरम, ट्रान्सव्हर्सस हे स्नायू. फरक फक्त बरगड्यांचा, उजवीकडे १२ वी, डावीकडे ११ वी आणि १२ वी. आणि प्ल्युरा (फुफ्फुसाभोवतीचा पडदा) १२ व्या बरगडीपर्यंत उतरतो, त्यामुळे पाठीकडून ऑपरेशन करताना तो फाटायची भीती असते, हे व्हायवाला हमखास विचारतात.